मोत्याचें छायाचित्र

आमच्या धाकट्या बंधूंची नात गेल्या वर्षीं उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस गेली, हें या सदराच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊकच आहे. दर रविवारीं तिचा फोन येतो. प्रथम घरांतील वडीलधाऱ्यांची विचारपूस होते, मग अभ्यासाच्या गोष्टी, आणि सर्वांच्या शेवटीं, परंतु सर्वांहून अधिक आस्थेनें, मोत्याची चौकशी. मोत्या हा आमच्या वाईच्या घरचा कुत्रा. नांव मोत्या असलें तरी रंगानें कोळशासारखा काळा, अंगानें केसाळ, वय वर्षें तेरा. त्याला पिल्लू असतांना दप्तरांत घालून घरीं आणणारी हीच मुलगी. दोन महिन्यांपूर्वीं तिनें फर्मान सोडलें, "आजोबा, मोत्याचा एक चांगला फोटो पाठवा. मला तो खोलींत लावायचा आहे." आम्हीं त्याच दिवशीं बारा छायाचित्रें घेऊन पाठविलीं. उत्तर आलें, "यांत मोत्या कोणता आणि कोळशाचें पोतें कोणतें?"

आमचें सारें आयुष्य मुलांच्या वह्या तांबड्या शाईनें रंगविण्यांत गेलें. आपलीच वही अशी रंगून परत येण्याचा प्रसंग विरळा! आम्ही ओशाळलों खरे, पण चिडलोंहि. मनांत म्हटलें, दोष कुत्र्याचा आहे. तो क्षणभर स्वस्थ बसत नाहीं, त्याला आम्ही काय करणार?

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या वेळीं मोत्याचा मुक्काम ओसरीवर नव्हता. तो परसांत पेरूच्या झाडाला साखळीनें बांधलेला होता. त्यापूर्वीं कांहीं आठवडे पुतण्याचा दोन वर्षांचा मुलगा त्याच्या पाठीवर हात ठेवावयास गेला असतां तो एकदम वळून गुरगुरला होता. चावला नाहीं, पण घरांत लहान मूल असतां विषाची परीक्षा कोणी पाहावी, असें आमच्या वडील वहिनींचें म्हणणें पडलें, आणि तें खोडून काढण्यासारखें नव्हतें. शिवाय हांक मारली तरी येत नाहीं, दुधाचें भांडें समोर ठेवलें तरी भलतीकडे हुंगत बसतो, अशा तक्रारी होत्याच. "म्हातारपणीं स्वभाव बिघडला," असा निकाल सर्वानुमतें ठरला. त्याला मळ्यावर कोणाच्या तरी स्वाधीन करावें, अशी भाषाहि सुरू झाली होती. त्या निकालावर आमचीहि सही होती.

छायाचित्रकलेच्या आरंभींच्या काळांत आमची सबब चालली असती. १८३८ सालीं दागेर या फ्रेंच गृहस्थानें पॅरिसमधील एका हमरस्त्याचें छायाचित्र घेतलें. रस्ता वर्दळीचा, पण चित्रांत तो जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रकाशाचा ठसा उमटावयास तेव्हां कित्येक मिनिटें लागत. त्यामुळें जें हललें तें चित्रांतून पुसलें गेलें. बूट पुसून घेण्यासाठीं एका जागीं उभा राहिलेला एक मनुष्य तेवढा स्पष्ट उमटला. पुढें अर्ध्या शतकांत मोठी क्रांति झाली. १८८७ सालीं म्यूब्रिज यानें प्राण्यांच्या हालचालींचा जो प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या ७८१ फलकांत धांवत्या घोड्यांबरोबर धांवते कुत्रेहि आहेत. आज तर खिशांतला फोनहि भरपूर उजेडांत सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र टिपतो. तेव्हां हलणाऱ्या कुत्र्यावर खापर फोडण्याची सोय आतां उरलेली नाहीं.

आमच्या पुतण्याला या कलेचा नाद आहे. त्यानें तीं बाराहि चित्रें पुढें मांडून आमचीच शिकवणी घेतली. तिचें सार वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

पहिला दोष उंचीचा. आम्हीं सर्व चित्रें उभ्यानें घेतलीं होतीं. उभ्या माणसाला कुत्र्याची पाठ आणि टाळू दिसते. मुद्रा दिसत नाहीं. यास्तव कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा; त्यासाठीं जमिनीवर बसावें, प्रसंगीं पालथें पडावें. आमच्या गुडघ्यांना ही आज्ञा जड गेली, पण इलाज नव्हता.

दुसरा दोष अंतराचा. चेहरा मोठा यावा म्हणून आम्हीं फोन त्याच्या नाकापाशीं नेला होता. जी वस्तु फार जवळ असते ती प्रमाणाबाहेर मोठी दिसते. त्यामुळें नाक वांग्याएवढें आणि कान सुपारीएवढे आले. चार-पांच हात दूर बसून दूरच्या भिंगानें चेहरा जवळ आणावा, म्हणजे प्रमाण बिघडत नाहीं. शिवाय डोळ्यांसमोर रोखून धरलेली वस्तु पुष्कळ कुत्र्यांना धमकीसारखी वाटते. कुत्रा मान फिरवूं लागला, ओठ चाटूं लागला किंवा झोंप नसतां जांभया देऊं लागला, तर तो अवघडला आहे असें समजून थांबावें.

तिसरा दोष उजेडाचा, आणि काळ्या कुत्र्याच्या बाबतींत हाच मुख्य. कॅमेरा समोरच्या देखाव्याची सरासरी काढतो व ती मध्यम करड्या रंगाच्या आसपास आणूं पाहतो. मागें उन्हानें तळपणारी भिंत असली कीं तो सगळेंच चित्र काळवंडतें करतो आणि कुत्र्याची नुसती सांवली उरते. मागें अंधार असला कीं उलट उजळवतो आणि काळ्या केसांना राखेची कळा येते. उपाय असा : कुत्र्याचें तोंड दाराकडे किंवा खिडकीकडे असावें, पाठ आपली असावी. भर दुपारचें ऊन टाळून सकाळचा किंवा सांवलींतला सौम्य उजेड घ्यावा. फोनच्या पडद्यावर कुत्र्याच्या डोळ्यावर बोट टेकवावें. बहुतेक फोनांत तेथें सूर्याचें लहानसें चिन्ह येतें, तें वर-खालीं सरकवून उजेड कमी-अधिक करतां येतो. काळ्या कुत्र्याचा रंग राखेसारखा होऊं लागला तर तें खालीं आणावें, पांढरा कुत्रा मळकट दिसूं लागला तर वर न्यावें.

चौथा दोष फ्लॅशचा. आम्हीं तीन चित्रें दिवेलागणीनंतर फ्लॅश लावून घेतलीं होतीं. कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्यामागें आरशासारखा एक थर असतो. रात्रीं अंधुक उजेडांतहि त्याला दिसतें तें बरेंचसें त्याच्यामुळें. फ्लॅशचा झोत त्यावर पडून उलटतो आणि डोळा हिरवट निखाऱ्यासारखा चमकतो. आमच्या चित्रांत उजवा डोळा असा चमकत होता, डावा मात्र निस्तेज होता. "हीं तर फुकटच गेलीं," असें म्हणून आम्हीं तीं तिन्ही पुसून टाकलीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याकडे यावयाचें आहे.

शिकवणीच्या शेवटीं पुतण्या म्हणाला, "काका, आधीं तीन दिवस फोटो काढूंच नका. नुसते त्याच्याजवळ बसा." वहिनींची परवानगी काढून मोत्याला साखळीसकट ओसरीवर आणलें. आमच्या ओसरीला उत्तरेचा उजेड आहे. घोंगडी टाकून आम्ही त्याच्या शेजारीं वर्तमानपत्र वाचीत बसूं लागलों. विद्यार्थ्याच्या लक्षणांत जी श्वाननिद्रा सांगितली आहे तिचा प्रत्यय त्या तीन दिवसांत आला. पान उलटल्याच्या आवाजानेंहि त्याचा कान उभा राही. आणखीहि एक चमत्कार दिसला. आम्ही उजवीकडे बसलों म्हणजे तो सहज नजर वळवून पाही. डावीकडे बसलों म्हणजे सबंध मान फिरवी.

चौथ्या दिवशीं सकाळीं वहिनींनीं माजघरांत खलबत्त्यांत दाणे कुटावयास घेतले. त्या ठोक्यासरशीं मोत्यानें पंजांवरची मान उचलली, कान टवकारले आणि दाराकडे पाहिलें. फोन तयार होताच. आम्हीं बटण दाबून धरलें. आमच्या फोनांत तसें केलें म्हणजे एकामागून एक चित्रें निघतात, आणि वीस-पंचवीसांतून एखादें साधतें. एक साधलें होतें. केसन् केस सुटा दिसत होता. मिशांखालची पांढरी झालेली हनुवटी दिसत होती. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका होता. पण पडद्यावर चित्र मोठें करून पाहिलें, तों उजव्या डोळ्यांत त्या ठिपक्यामागें काळीभोर बाहुली होती, आणि डाव्या डोळ्यांत दुधाळ पांढरें.

त्याच दिवशीं पशुवैद्यांकडे गेलों. उतारवयांत पुष्कळ कुत्र्यांच्या डोळ्यांवर निळसर झांक येते. ती वयाची खूण असून तिनें दृष्टि फारशी जात नाहीं. हें तसें नव्हे, हा मोतीबिंदू आहे, असें त्यांनीं सांगितलें. डावा डोळा पुरता झांकला गेला होता, उजव्यांत सुरुवात होती. फ्लॅशचा झोत त्या पांढऱ्या पडद्यापलीकडे पोहोंचतच नव्हता, म्हणून डावा डोळा चमकला नव्हता. मधुमेहानें कुत्र्यांना मोतीबिंदू लवकर होतो म्हणून रक्त तपासलें, तो नव्हता. शस्त्रक्रिया होऊं शकते, पण त्यासाठीं पूर्ण भूल द्यावी लागते; या वयांत व या हृदयाच्या ठोक्यांवर तो धोका पत्करूं नये, असें मत पडलें. "मुलानें हात लावला तो डाव्या बाजूनेंच ना?" त्यांनीं विचारलें. पुतण्या क्षणभर आठवीत राहिला आणि म्हणाला, "होय."

परतीच्या वाटेवर आम्हांला मोत्याऐवजीं भलतेंच तोंड आठवत होतें. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतील एक विद्यार्थी शेवटच्या बांकावर बसे. फळ्यावरील शब्द वहींत नेहमीं चुकीचे उतरी. निष्काळजी म्हणून आम्हीं त्याला कितीदां तरी उभें केलें, हातावर छडीहि मारली. पुढें त्याला चष्मा लागला तेव्हां कळलें कीं, त्या मुलाला फळाच दिसत नव्हता. तो कधीं तक्रार करीत नसे. दिसत नाहीं हें त्याला तरी कोठें ठाऊक होतें! या गोष्टीला पुष्कळ वर्षें झालीं. त्या दिवशीं आपण धडा शिकलों असें आम्ही आजवर समजत होतों. मोत्यानें तो भ्रम दूर केला.

वहिनींना छायाचित्र दाखविलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "एवढा म्हातारा झाला हा? आणि आपण त्याला उन्हांपावसांत बांधला." साखळी त्यांनींच सोडली. वैद्यांच्या सल्ल्याप्रमाणें पाण्याचें भांडें ओसरीच्या एकाच कोपऱ्यांत ठेवलें आहे, बांक व खुर्च्या हलवावयाच्या नाहींत, आणि रात्रीं तेथें मंद दिवा असतो. कुत्र्याला नाकाचा आणि कानाचा एवढा आधार असतो कीं, जागा ओळखीची असली तर अंधुक दृष्टीनेंहि तो सुखानें वावरतो. छोट्याला कोणी मोठें माणूस जवळ असल्याखेरीज मोत्यापाशीं जाऊं देत नाहीं, आणि उजवीकडून जाऊन "मोत्या, मी आलों" असें म्हटल्यावांचून हात लावावयाचा नाहीं, असा नियम घातला आहे. नियम मोडणाऱ्यांत आजवर आम्हीच एकटे सांपडलों, आणि वहिनींची बोलणीं खाल्लीं.

छायाचित्र जर्मनीस गेलें. नातीला डोळ्याची हकीकतहि कळविली. लपविण्यांत अर्थ नव्हता. ती फोनवर थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, हाच फोटो लावते. आणि दर रविवारीं नवा एक पाठवा, उजवा डोळा दिसेल असा." त्याप्रमाणें दर रविवारीं सकाळीं आम्ही घोंगडी घेऊन ओसरीवर बसतों, आणि वहिनी दाणे नसले तरी खलबत्ता वाजवितात.

ज्या वाचकांच्या घरीं असा जुना सोबती असेल, त्यांनीं या रविवारीं त्याच्याजवळ जमिनीवर बसून एक छायाचित्र घ्यावें. तें बिघडलें तरी पुसून टाकण्यापूर्वीं एकदां नीट पाहावें, एवढीच विनंति.