'आत्ता येते हं!'

शाळा उघडल्या की पहिल्या आठवड्यात आपल्या गावातल्या कोणत्याही बालवाडीच्या फाटकापाशी सकाळी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. तीन वर्षांचे मूल आईचा हात घट्ट धरून उभे असते. आई सांगते, "तू आत जा, मी इथंच उभी आहे." बाई त्याला रंगीत चेंडू दाखवतात, मूल तिकडे वळते आणि तेवढ्यात आई स्कूटरवरून पसार होते. मूल मागे वळून पाहते. फाटकापाशी कोणीच नसते. मग ते जे भोकाड पसरते, त्याला आपण 'हट्ट' म्हणतो. माझ्या मते तो हट्ट नव्हेच. ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवला त्यानेच फसवले, असे कळलेल्या माणसाचा तो आक्रोश आहे. माणूस तीन वर्षांचा आहे, एवढाच काय तो फरक.

मी हायस्कूलचा मास्तर. माझ्याकडे मुले येतात ती तेरा-चौदा वर्षांची होऊन. पालकसभेत दरवर्षी एक तक्रार ठरलेली असते : "सर, हा आम्हांला काही सांगतच नाही. विचारलं तर खोटं बोलतो." मी ऐकून घेतो आणि मनात म्हणतो, या खोटेपणाचा श्रीगणेशा त्याला गिरवून कोणी दिला? "आत्ता येते हं" म्हणून संध्याकाळी उगवणाऱ्यांनी. "सुई टोचणार नाहीत, नुसतं डॉक्टरकाकांना भेटायचं" म्हणून दवाखान्यात नेणाऱ्यांनी. "जेवला नाहीस तर पोलीस धरून नेईल" असे रोज बजावणाऱ्यांनी. दहा वर्षे आपण पेरले, ते आता उगवले, तर नवल कसले?

या आरोपातून मी स्वतःला वगळत नाही. माझी मुलगी तीन वर्षांची असताना उत्तरपत्रिका तपासण्यासाठी मला आठ दिवस परगावी जायचे होते. उगाच रडारड नको, म्हणून ती झोपेत असतानाच पहाटेच्या एस.टी.ने निघून गेलो. परत आलो तेव्हा ती धावत आली नाही. दाराआडून बघत राहिली. पुढे कितीतरी रात्री माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागत नसे. मी तिची रडारड वाचवली, असे मला वाटत होते. खरे तर मी वाचवली होती माझी अडचण. तिचे रडणे तर माझ्या पाठीमागे झालेच होते.

हे निव्वळ एका हळव्या बापाचे बोलणे समजू नये. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला. त्या काळी तिथे आईबापांना मुलांजवळ राहू देत नसत. मूल गप्प बसले म्हणजे रुळले, असे मानत. ती मुलगीही फारशी रडत नाही, पण हळूहळू मिटत जाते, हे पडद्यावर पाहिल्यावर जाणत्यांना ते गप्प बसणे काय असते ते कळले. १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने मुलांना भेटण्याची मोकळीक पालकांना द्यावी, अशी शिफारस केली. रॉबर्टसन यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी पुढे आयुष्यभर हेच मांडले, की भरवशाचे एक माणूस पाठीशी आहे अशी खात्री असली, तरच मूल निर्धास्तपणे जगाकडे पाऊल टाकते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : "आम्हांला काय कमी फसवलं, कमी बदडलं? आम्ही बिघडलो का?" बिघडलो की नाही, हे आपल्या बायकामुलांना विचारावे. पण आपल्या घरात आजी होती, काकू होती, आत्या होती. एकाने डोळे वटारले तर दुसऱ्याची मांडी मोकळी असे. आज दोन खोल्यांच्या घरात आई आणि बाप एवढीच दोन माणसे, आणि त्या दोघांच्याही हातात मोबाईल. त्या दोघांचाच शब्द खोटा ठरला, तर मुलाने जायचे कुठे?

दुसरा आक्षेप : "रडल्याबरोबर जवळ घेतलं की पोर लाडावतं, रडकं होतं." मेरी एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकारी सिल्व्हिया बेल यांनी घरोघर जाऊन तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले आणि १९७२ साली निष्कर्ष मांडला. तो उलटा निघाला. ज्यांच्या रडण्याला आया लगेच ओ देत, ती मुले वर्ष सरता सरता कमी रडू लागली. आपली हाक पोहोचते, हे ज्याला कळले, त्याला ओरडावे लागत नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे : "आम्हांला नोकरी आहे. जावंच लागतं." जा ना! जाऊ नका, असे मी म्हणतच नाही. सांगून जा, एवढेच म्हणतो. आपल्या भागात घरोघरी फौजी आहेत. बरेच जण मुलाचा डोळा चुकवून रात्रीच्या गाडीने निघतात. पण माझ्या शेजारचा एक जवान मुलीला मांडीवर घेऊन सांगे, "मी उद्या जाणार. गणपतीला येणार." मुलगी रडे, तो रडू देई. मग आजी रोज संध्याकाळी नातीच्या हाताने कालनिर्णयवर एक फुली मारून घेई. एका वर्षी त्याची रजा रद्द झाली. तेव्हा फोनवर तेही त्याने तिलाच सांगितले, आजीकरवी नव्हे. वर्षाचे दहा महिने दूर असलेल्या त्या बापावर त्या पोरीचा जेवढा विश्वास होता, तेवढा रोज घरी असणाऱ्या पुष्कळ बापांच्या वाट्याला येत नाही.

आणि आता आपल्या सीमाभागाचे खास दुखणे. काही शाळा पालकांना बजावतात, "घरीसुद्धा इंग्रजीतच बोला." शाळेचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे; सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्याच खटल्यात तसा निवाडा दिला आहे. त्याबद्दल माझे भांडण नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणते, तेही बाजूला ठेवू. पण घरातली भाषा ठरवणारी शाळा कोण? जी आई मराठीत अंगाई म्हणते, रागावते, समजूत काढते, ती तोडक्यामोडक्या 'कम, सिट, ईट'वर आली की मुलाच्या लेखी आईचा अर्धा आवाजच नाहीसा होतो.

यात कन्नडद्वेष कोणी शोधू नये. एका बालवाडीत मी पाहिले : एक मराठी पोर ऊर फुटेस्तोवर रडत होते. इंग्रजीत गाणी म्हणणाऱ्या बाई थकल्या. मग तिथल्या कन्नड आयाबाईंनी त्याला कडेवर घेतले आणि म्हटले, "अळब्याड. ऊटा आदम्याल अव्वा बर्ताळ." रडू नको, जेवण झाल्यावर आई येईल. पोराला शब्द थोडेच कळले असतील. पण आयाबाई रोज तेच म्हणत आणि जेवण झाल्यावर आई रोज येई. चौथ्या दिवशी ते पोर स्वतःच डबा उघडून बसले.

हे काही परदेशातून आणावे लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलाला त्याच्या भरवशाच्या जागेवरून उपटायचे नाही, हा त्यांचा धडा. आपण 'अंगणवाडी' हा शब्द तेवढा ठेवला आणि धडा विसरलो.

दरवर्षी आम्ही मास्तर मंडळी रायगडला सहल नेतो आणि हिरकणीचा बुरूज दाखवतो. कडा उतरून गेलेल्या आईच्या धाडसाला मुले टाळ्या वाजवतात. तुम्हांआम्हांला कोणी कडा उतरायला सांगत नाही. फाटकापाशी दोन मिनिटे थांबायचे, गुडघ्यांवर बसून मुलाच्या डोळ्यांत पाहायचे, "मी आता जाते, जेवण झाल्यावर येते" म्हणायचे, ते रडले तर रडू द्यायचे, आणि जेवण झाल्यावर यायचे. एवढेच आपल्याला जमत नसेल, तर चौदाव्या वर्षी तो खरे बोलत नाही, ही तक्रार घेऊन कृपा करून माझ्या कचेरीत येऊ नये.