ग्रुप आहे, पण चर्चा कुठाय?

सेकंड शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून भोसरीला येताना माझ्या मित्राने मोबाइल उघडला. वर्गाच्या ग्रुपवर ३१२ मेसेज. वाढदिवसाचे केक, क्रिकेटचे मीम्स, ‘गुड नाइट’ची फुलं. दिवसभर कॉलेज आणि मग आठ तास मशिनवर उभं राहिलेला माणूस हे सगळं वाचणार कधी? त्याने भराभर स्क्रोल केलं आणि झोपला. त्याच ढिगाऱ्यात बॅकलॉगच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. फॉर्म राहिला, सहा महिने गेले. आम्ही मात्र त्यालाच म्हणालो, ‘ग्रुप वाचत जा ना भावा!’

आज वाटतं, चूक त्याची नव्हती. आपण ग्रुप बनवतो, पण त्याची मांडणीच करत नाही. एमआयडीसीत काम करून शिकणारी निम्मी मुलं ऑनलाइन असतात तेव्हा बाकीची झोपलेली असतात. अशांना ‘आत्ता काय चाललंय’ यापेक्षा ‘हवं ते कुठे सापडेल’ हे महत्त्वाचं.

गंमत म्हणजे मराठी माणसाने हा प्रश्न कधीच सोडवला होता. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘मिसळपाव’वर लेखांसाठी ‘जनातलं, मनातलं’, वादासाठी ‘काथ्याकूट’ आणि खाण्यासाठी ‘पाककृती’ असे कप्पे आहेत. प्रत्येक विषयाचा वेगळा धागा. त्यामुळे जुनी चर्चाही आज शोधून वाचता येते. आपल्या ग्रुपवर कालचं उत्तर आज सापडत नाही, म्हणून तोच प्रश्न दहा वेळा येतो.

मग करायचं काय? पहिलं, कप्पे पाडा. व्हॉट्सअॅपवर २०२२ पासून ‘कम्युनिटी’ची सोय आहे. सूचना, अभ्यास, नोकरी आणि कट्टा असे चार ग्रुप एका छत्राखाली ठेवता येतात. सूचनांमध्ये फक्त अॅडमिनने लिहायचं. शेवटची तारीख पिन करायची.

दुसरं, उत्तर मिळालं की ते जपा. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर प्रश्न विचारणारा योग्य उत्तराला हिरवी टिक देतो. आपल्याकडे टिक नसेल, पण नेहमीच्या वीस प्रश्नांची एक शेअर्ड फाइल करायला काय जातं?

तिसरं, नोकरीच्या मेसेजला नियम हवा. भोसरी-चाकण पट्ट्यात ‘दोन हजार भरा, डायरेक्ट जॉइनिंग’ असे फॉरवर्ड फिरतात आणि गावाकडून आलेली मुलं फसतात. अप्रेंटिसला कंपनीने स्टायपेंड द्यायचा असतो, त्याच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कंपनीचं नाव, मूळ लिंक आणि ‘मी स्वतः तपासलंय’ एवढं नसेल, तर मेसेज डिलीट.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. फोन नंबरवर चालणाऱ्या ग्रुपमध्ये मुलीने एक प्रश्न विचारला की रात्री अनोळखी नंबरवरून ‘हाय’ येतो. मग ती गप्प बसते आणि आपण म्हणतो, ‘मुली बोलतच नाहीत.’ जुन्या संकेतस्थळांवर टोपणनावाने लिहिता यायचं. आपणही निनावी प्रश्नांसाठी एक साधा गुगल फॉर्म ठेवू शकतो, अॅडमिनमध्ये मुली घेऊ शकतो. आणि त्रास देणाऱ्याला एका ताकिदीनंतर बाहेर काढायचं, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

काही जण म्हणतील, एवढे नियम लावले तर मजाच जाईल. अजिबात नाही. मजेसाठी कट्टा आहेच की! तिथे रात्रभर मीम्स टाका. फक्त त्या मीम्सखाली कुणाचा फॉर्म गाडला जाऊ नये.

हे सगळं करायला ना पैसे लागतात, ना कॉलेजची परवानगी. अॅडमिनने रविवारी अर्धा तास काढला तरी पुरे. माझ्या मित्राचे सहा महिने आता परत येणार नाहीत. पण आज रात्री सेकंड शिफ्टवरून परतणाऱ्या दुसऱ्या कुणाचे तरी नक्की वाचतील.