त्या चित्रात आपण कुठे आहोत?

'आता आपलं काय राहिलंय? मुलांचं नीट झालं की झालं!' चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. हळदीकुंकवाला, बचत गटात, दवाखान्यातल्या बाकावर, कुठेही ऐका. मला ते मुळीच पटत नाही. नशिबाने साथ दिली तर पुढे अजून पंचवीस-तीस वर्षं असतात. ती कशी जगायची, याचा विचार नको का करायला?

कुणी म्हणेल, कल्पना रंगवत बसायला वेळ कुणाला आहे? अहो, पण आपल्याइतक्या कल्पना दुसरं कुणीच करत नाही! मुलाला क्लासहून यायला अर्धा तास उशीर झाला, की त्याची गाडी घसरली, लोक जमले, इथपर्यंत सगळं आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं. 'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणतात ते उगाच नाही. काळजी म्हणजेसुद्धा कल्पनाशक्तीच, फक्त तिचं तोंड वाइटाकडे. मग ते थोडं चांगल्याकडे वळवलं तर?

आमच्या बचत गटात एकदा मी सगळ्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं. म्हटलं, पुढच्या वर्षीची दिवाळी डोळ्यांपुढे आणा. कुणाला मुलाची नोकरी दिसली, कुणाला लेकीचं लग्न, कुणाला घरावर पडलेला स्लॅब. सगळं छानच. पण त्या चित्रात स्वतः कुणीच नव्हती. एक होती, ती चकल्या तळताना!

म्हटलं, आता फक्त स्वतःला बघा. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक जण हळूच म्हणाली, 'ताई, मला एकदा समुद्र बघायचाय.' आम्ही तिथेच हिशेब मांडला. महाराष्ट्रात 2023 पासून एसटीत बायकांना अर्धंच तिकीट पडतं. दर महिन्याला किती बाजूला टाकायचे, दोन दिवस घर कोण बघेल, सोबत कोण येईल, सगळं ठरलं. चार महिन्यांनी पाच जणी हरिहरेश्वरला जाऊन आल्या. त्या सांगतात, समुद्राइतकीच मजा तयारीत आली.

दिवास्वप्न वेगळं ते इथेच. सीरियलमधल्या बंगल्यात स्वतःला बसवून उसासे टाकले, तर मन आणखीच खट्टू होतं. उपयोगाची कल्पना जमिनीवरची असते. तिला वार असतो, वेळ असते, खर्चाचा आकडा असतो.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 च्या महिला दिनी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. आपल्यालाही वाचता यावं, एवढीच त्या आजींची इच्छा. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी ती मनावर घेतली आणि साठीच्या पुढच्या आजीबाई गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन अक्षरं गिरवू लागल्या. त्या साठीनंतर पाटी हातात घेतात, तर आपण चाळिशीत 'संपलं' कसं म्हणायचं? राहून गेलेली पदवी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घर सांभाळूनही पुरी करता येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ज्या घरात दारू आणि मारहाण आहे, तिथल्या बाईला 'चांगलं चिंत' म्हणणं हा क्रूरपणा आहे. तिला आधी आधार हवा. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, ती वापरावी. पाळी जाण्याच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे सगळं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. तिथे कल्पना पुरत नाही, औषधच लागतं.

बाकीच्या आपण सगळ्यांनी एवढं करावं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपण दुधाचे खाडे लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो. पुढच्या महिन्यातल्या एका तारखेवर फक्त स्वतःसाठीची एक गोष्ट लिहा. लहानशीच असू द्या, पण वेळेसकट लिहा. घरच्यांनी विचारलं, 'हे काय?' तर हसून सांगा, 'हे माझं!'