'डिझाइन फ्री'ची पाटी उतरवा!

नांदेडच्या वजिराबादेत फिरा, नाहीतर लातूरच्या गंजगोलाईला एक वळसा घाला. फ्लेक्सच्या दुकानांवर चौरस फुटाचा दर ठळक आकड्यांत लिहिलेला दिसेल आणि त्याखाली दोन शब्द: 'डिझाइन फ्री'. फ्लेक्सला दर आहे, शाईला दर आहे, लाकडी फ्रेमला दर आहे, खांबावर चढून बॅनर बांधणाऱ्या पोराला मजुरी आहे. फुकट आहे ते फक्त चित्र काढणाऱ्याचे डोके! या दोन शब्दांत मराठवाड्याने आपल्या चित्रकारांची लायकी ठरवून टाकली आणि भर बाजारात टांगली. तिच्याखालून रोज हजारो सुशिक्षित माणसे जातात. एकालाही लाज वाटत नाही.

आणि ही दोन्ही शहरे चित्रावाचून एक दिवस तरी काढू शकतात का? साहेबांचा वाढदिवस आला की चौक झाकला जातो. निकाल लागला की लातूरचा ट्यूशन एरिया गुणवंतांच्या हसऱ्या चेहऱ्यांनी भरून वाहतो. पेरणी तोंडावर आली की बियाण्याच्या पिशवीवर सोयाबीनची टचटचीत भरलेली शेंग लागते. माळेगावच्या यात्रेत तमाशाच्या फडाला बोर्ड लागतो. सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू गुरू गोविंदसिंगांचे चित्र घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही, माहूरगडावरून उतरणारा रेणुकामातेचे. देव विकायला चित्र, पुढारी विकायला चित्र, डॉक्टर होण्याचे स्वप्न विकायला चित्र. सगळ्यांचे दुकान चित्रावर चालते. चित्रकाराचे दुकान मात्र चालत नाही. हा योगायोग नव्हे, ही लूट आहे.

शिकवणीवाल्यांचेच पाहा. 'लातूर पॅटर्न'चा डंका देशभर वाजतो. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारे पोर ज्या नोट्सवर रात्री जागवते, त्यांत हृदयाचे कप्पे आहेत, मूत्रपिंडातला नेफ्रॉन आहे, फुलाचा उभा छेद आहे. ती आकृती कोणीतरी काढलेली असते. चुकीची निघाली तर विद्यार्थ्याचा गुण जातो, इतके तिचे मोल. पण नोट्सच्या मुखपृष्ठावर सरांचा फोटो असतो आणि आकृत्या कुठून तरी उचललेल्या. शाळेतही हेच शिक्षण. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना पोरे बसवली जातात ती दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या मुख्याध्यापकांना आम्ही विचारतो: तुमच्या शाळेची जाहिरात उद्या गणिताच्या सूत्रात छापणार आहात का?

हे नेहमीच असे नव्हते. फ्लेक्स येण्यापूर्वी दुकानाची पाटी, ट्रकची मागची फळी, भिंतीवरची खताची जाहिरात पेंटर हाताने रंगवायचा आणि खालच्या कोपऱ्यात ऐटीत सही ठोकायचा. गाव त्याला 'पेंटर' म्हणून ओळखायचे, त्याच्या अक्षराचे वळण लांबून सांगायचे. फ्लेक्सच्या यंत्राने ब्रश हिसकावला, तो काळाचा धक्का म्हणून सोडून देऊ. पण यंत्राने कोपऱ्यातली सही पुसली नाही. ती आपण पुसली! आज बॅनरवर चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे मावतात. ज्याने ते चाळीस चेहरे रात्रभर बसून कापले, जुळवले, उजळले, त्याच्या नावाला बोटभर जागा उरत नाही.

बाजारासाठी चित्र काढणे हलके काम, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी थोडा इतिहास वाचावा. एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरले होते. बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवत. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हा दिवाळी अंक काढला. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची सही मुखपृष्ठावर दिसली की वाचक अंक उचलत. आणि ही सगळी मुंबई-कोल्हापूरकडची मिजास, असेही कोणी म्हणू नये. हिंदी सिनेमाच्या पोस्टरांवर ज्यांच्या कुंचल्याने राज्य केले, ते एस. एम. पंडित १९१६ साली गुलबर्ग्यात जन्मले. म्हणजे ज्या निजामी राज्यात तेव्हा नांदेड होते, लातूर होते, त्याच राज्यात. आजही नांदेडच्या नयन बाराहाते यांच्यासारखा मुखपृष्ठकार आपले गाव न सोडता नाव कमावतो. माती नापीक नाही. या मातीत पिकलेल्याला भाव न देण्याची खोड आपली आहे.

आता कायदा ऐका. कारण इथे भल्याभल्यांना वाटते की पैसे मोजले म्हणजे चित्रासकट चित्रकारही विकत आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. त्याला अपवाद आहेत. पगारावर बसलेल्याने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे. मोबदला देऊन कोणी रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले आणि उलट करार केला नाही, तर ते काढून घेणाऱ्याचे. म्हणजे कागद केला नाही तर चित्रकार हक्काला मुकू शकतो. पण कलम १९ हेही बजावते की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षांची धरायची. व्हॉट्सअॅपवरच्या अंगठ्याला करार म्हणत नाहीत!

आणि सर्वांत मोठे कलम ५७. सगळे हक्क विकून झाले तरी हे चित्र माझे आहे असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. त्याच्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड केली तर तो न्यायालयात खेचू शकतो. हे पोकळ शब्द नव्हेत. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने उखडून गोदामात टाकले. सहगल भारत सरकारशी भांडले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प त्यांना परत करायला लावले आणि वर पाच लाखांची भरपाई द्यायला लावली. केंद्र सरकार जिथे वाकले तिथे गल्लीतला प्रकाशक कोण लागून गेला?

नाव छापण्याचे वावडेही किती निवडक आहे! निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता असलाच पाहिजे, नाहीतर तुरुंग किंवा दंड, असे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. ते निमूटपणे छापले जाते. नाव छापल्याने शोभा जात नाही, खर्च वाढत नाही, आभाळही कोसळत नाही. 'बालभारती'च्या पाठ्यपुस्तकांत मुखपृष्ठकाराचे आणि चित्रकाराचे नाव असते. लाखो प्रती काढणाऱ्या सरकारी संस्थेला जे जमते ते पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला का जमू नये?

प्रकाशक म्हणतील, मराठवाड्यात पुस्तक खपत नाही, चित्रकाराला देणार कुठून? खपत नाही हे खरे. पण कागदवाल्याला तुम्ही हे ऐकवता का? बाइंडरला ऐकवता का? त्यांची बिले चुकती करूनच पुस्तक बाहेर पडते. गरिबीचे गाऱ्हाणे एकट्या चित्रकारापुढेच सुचते, कारण तो भांडत नाही. २०२२ साली उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. अशा संमेलनांत लेखकाच्या हक्कांवर कंठशोष होतो, मानधनावर ठराव होतात. ज्याचे चित्र पाहून वाचकाचा हात त्या लेखकाच्या पुस्तकाकडे वळला, त्याच्यासाठी एखादा ठराव करावा असे साहित्यिकांना का वाटू नये? ज्या नांदेडात नरहर कुरुंदकरांनी सौंदर्यशास्त्रावर कडाडून वाद घातले, तिथे सौंदर्य घडवणाऱ्याच्या रोजंदारीवर कोणी तोंड उघडू नये, याला काय म्हणावे?

आता या फुकटेपणाला नवे यंत्र मिळाले आहे. चार ओळी टाइप केल्या की कृत्रिम बुद्धिमत्ता चित्र ओकते. २०२५ च्या मार्चमध्ये अर्ध्या जगाने आपले फोटो जपानच्या जिब्ली स्टुडिओच्या शैलीत रंगवून घेतले. त्या शैलीसाठी ज्यांनी आयुष्य घातले त्यांची आठवण किती जणांना झाली? ही यंत्रे माणसांनी काढलेल्या चित्रांवर पोसलेली आहेत, आणि ती चित्रे घेताना कर्त्यांना विचारलेले नाही, असे म्हणत २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतले तीन चित्रकार न्यायालयात गेले. आपल्याकडे मात्र आनंदीआनंद! महापुरुषाच्या हाताला सहा बोटे आली, फेट्याचा पीळ भलतीकडे गेला, जोडाक्षरांची हाडे मोडली, तरी बॅनर चौकात चढतो. यंत्राला बैलाचे वशिंड कळत नाही, नऊवारीचा काष्टा कळत नाही, लमाण बाईच्या आरशांचे काम कळत नाही. ते कळणारा माणूस जवळच बेकार बसला आहे.

चित्रकारांनो, आता तुमची पाळी. केवळ दुसऱ्यांना झोडून आमचे काम संपत नाही. इंटरनेटवरून दुसऱ्याचे चित्र उचलून, त्याची सही खोडून गिऱ्हाइकाला विकणारा तुमच्यातलाच आहे. तयार फाइलींचा गठ्ठा शेकड्यात घेऊन त्यात फक्त चेहरा बदलणारा तुमच्यातलाच आहे. शेजाऱ्याने हजार सांगितले की तीनशेत काम ओढणाराही तुमच्यातलाच. चोराने चोरीची फिर्याद कोणत्या तोंडाने द्यावी? आधी आपले हात धुवा, मग मूठ आवळा. दरपत्रक करा. निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. एका पानाचा का होईना, कागद करा: चित्र कशासाठी, किती काळासाठी, नाव कुठे छापणार, मूळ फाइल कोणाकडे राहणार. नांदेडात आणि लातुरात रिक्षावाल्यांची संघटना आहे, हमालांची आहे, केशकर्तनवाल्यांची आहे. तुम्ही एकेकटे राहता म्हणून एकेकटे नागवले जाता.

आणि कारभाऱ्यांनो, तुम्हालाही मागणे आहे. नांदेड-वाघाळा आणि लातूर महानगरपालिकांनी फलकाला परवानगी देताना परवाना क्रमांकाशेजारी चित्रकाराचे नाव सक्तीचे करावे. स्वच्छतेच्या स्पर्धेसाठी शहराच्या भिंती रंगवून घेता, तेव्हा मोबदला कंत्राटदाराच्या घशात न घालता रंगवणाऱ्याच्या खात्यात थेट टाकावा आणि भिंतीवर त्याला सही करू द्यावी. सगळ्या मराठवाड्याला शासकीय कला महाविद्यालय एकच, तेही छत्रपती संभाजीनगरला. नांदेड-लातूरहून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. किनवटच्या, देवणीच्या पोराने तिथे खोली करून कशी राहावी? नांदेड-लातूर पट्ट्यात शासनाने उपयोजित कलेची एक संस्था काढलीच पाहिजे, आणि तिच्या पहिल्याच वर्षाला रंगसंगतीइतकेच कलम ५७ शिकवले पाहिजे.

वर्तमानपत्रे आणि दिवाळी अंकही यातून सुटत नाहीत. म्हणून हा नियम आम्ही आमच्या घरापासून लावतो: या दैनिकात चित्रकाराच्या नावाशिवाय चित्र छापले जाणार नाही, आणि बिल दिल्याशिवाय वापरले जाणार नाही. इतरांनी आमचे अनुकरण करावे अशी विनंती आम्ही करत नाही. विनंती उपकाराची करतात. हे तर थकलेले देणे आहे. ते ज्यांना द्यायचे नसेल त्यांनी आपली पुस्तके कोऱ्या पुठ्ठ्यात बांधावीत, आपले वाढदिवस कोऱ्या फ्लेक्सवर साजरे करावेत, आणि मग खुशाल मोजावे, किती जण थांबून बघतात ते!