दप्तरातली दुसरी पिशवी



या सदरातून आपण घरखर्च, लेकरांचा अभ्यास, दुखणीखुपणी अशा घरच्याच गोष्टी बोलत असतो. आज एका सात वर्षांच्या मुलीच्या दप्तराविषयी बोलायचे आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तळेघरला एस.टी.ची वाट पाहत थांबलो होतो. पाऊस असा की समोरचा डोंगर दिसेना. शेजारी एक ताई छातीशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लहान थर्मास धरून उभी होती. चहा असेल म्हणून आम्ही सहज विचारले. ती म्हणाली, "चहा नाही हो, पोरीचं इन्सुलिन आहे. दुपारच्या जेवणाआधी टोचावं लागतं. रोज शाळेत जाते."

भातलावणीचे दिवस होते. दुपारी शाळेत जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची. पण तिचे खरे दुःख वेगळेच होते. एक दिवस वर्गात पोरीला घाम फुटला, हात थरथरू लागले. दप्तरात साखरेची पुडी होती, पण वर्गात खाल्ले की ओरडा बसतो, म्हणून तिने ती काढलीच नाही. नशिबाने आई वेळेवर पोचली. आजाराविषयी शाळेत कोणाला सांगितलेलेच नव्हते. लोक काय म्हणतील, पुढे मुलीचे लग्न कसे जमेल, ही भीती. सुई पाहून मुले म्हणू लागली, हिच्याजवळ बसू नका, रोग लागेल. शेवटी बाप म्हणाला, दुसरी झाली ना, पुरे आता, घरी राहू दे.

भगिनींनो, शाळेत लेकराला वेगळे बसवणे म्हणजे काय, हे आपल्या घरात कोणाला समजावून सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते. मोठेपणी त्याच बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस, घटनेचे काम चालू असताना, त्यांच्या पायांत वेदना होत, झोप लागत नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. उपचारासाठी मुंबईला आले असता डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली. त्याच १५ एप्रिल १९४८ नंतरच्या आपल्या माईसाहेब. इन्सुलिन घेणारा माणूस देशाची घटना लिहितो, मग इन्सुलिन घेणाऱ्या मुलीने तिसरीत का बसू नये?

मोठ्या माणसांचा मधुमेह आणि लहान मुलांचा मधुमेह यांत मात्र फरक आहे. लेकरांना होतो तो बहुधा पहिल्या प्रकारचा. आपल्या पोटात स्वादुपिंड असते, तिथे इन्सुलिन तयार होते. शरीराची संरक्षण करणारी शक्तीच चुकून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. हा रोग गोड खाऊन होत नाही, शेजारी बसून लागत नाही आणि मागच्या जन्मीच्या पापाचा तर काही संबंधच नाही. देवऋषी, अंगारा, कडू काढा यांनी तो बरा होत नाही. इन्सुलिन बंद केले तर लेकरू दगावते. फार तहान, सारखी लघवी, बरे झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, खाऊनही वाळत जाणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्तातली साखर तपासून घ्या.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी हा आजार झालेले मूल फार दिवस जगत नसे. संशोधकांनी पेटंट नाममात्र १ डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. हे औषध कोणा एकाच्या मालकीचे राहू नये, ही त्यामागची भावना. आपल्याकडे नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू करून गरीब घरच्या मुलांपर्यंत इन्सुलिन पोचवले.

आता पिशवीकडे वळू. पुस्तकांच्या दप्तरात ही दुसरी लहान पिशवी रोज असावी. त्यात साखर मोजण्याचे यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि बोट टोचायच्या सुया ठेवाव्यात. पट्ट्यांच्या डबीचे झाकण नेहमी घट्ट लावावे. तळेघरच्या पावसात हवेतल्या ओलीनेच पट्ट्या खराब होतात आणि यंत्र खोटा आकडा दाखवते. साखर किंवा ग्लुकोजच्या दोन-तीन पुड्या प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवाव्यात, सोबत बिस्किटांचा लहान पुडा. एका कागदावर मुलाचे नाव, आजार, इन्सुलिनचे नाव, मात्रा व वेळ, आईबापाचा आणि डॉक्टरांचा फोन मराठीत ठळक लिहावा. वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा वेगळा ठेवावा. तो घरी आणून, भरला की आरोग्य केंद्रात द्यावा. उकिरड्यावर सुई टाकू नये, तिथे दुसऱ्याचे लेकरू अनवाणी चालते.

दुपारी इन्सुलिन द्यायचे असेल तर तेही सोबत लागते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवायची असते. फ्रीज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या माठात, सावलीत ठेवतात. बाटली एकदा उघडली की साधारण चार आठवडे वापरता येते, मात्र ती उन्हात किंवा चुलीजवळ नको आणि बर्फाला चिकटून तर मुळीच नको. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वाया गेलेले असते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन तीव्रतांत मिळते. ४० च्या बाटलीला ४० चीच सिरिंज लागते. तिचे टोपण लाल असते, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरले तर मात्रा अडीचपट होते आणि ते जिवावर बेतते. दुकानातून घेताना बाटली आणि सिरिंज यांवरचा आकडा जुळवून पाहा.

पिशवी भरली तरी अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे शाळेत आहे. मुख्याध्यापकांना, वर्गाच्या गुरुजींना किंवा बाईंना आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंना स्वतः भेटून सांगा. साखरेच्या दोन पुड्या त्यांच्या कपाटातही ठेवा. त्यांना एवढेच पटवा: मूल घामेजले, थरथरले, एकाएकी चिडले किंवा गप्प झाले, तर साखर उतरली असे समजा. यंत्रावर ७० च्या खाली आकडा आला, किंवा यंत्र जवळ नसले, तरी लगेच साखर द्या. लहानग्याला दोन चमचे, मोठ्याला तीन, पाण्यात विरघळवून. नेमके प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, साखर वाढली नसेल तर पुन्हा द्या, मग बिस्किट किंवा भाकरी. अशा वेळी मुलाला एकटे घरी पाठवू नका. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

याउलट साखर वाढली की तहान लागते आणि लघवी होते. तेव्हा पाण्याला आणि बाहेर जायला अडवू नये. उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास सुरू झाला तर ताबडतोब दवाखाना. खेळाच्या तासाआधी काही खायला द्यावे. आणि खिचडीला उशीर होऊ नये, कारण टोचलेले इन्सुलिन जेवणासाठी थांबत नाही.

दुपारची सुई कोणी टोचायची, हा प्रश्न राहतोच. गुरुजींवर सक्ती करता येत नाही. पण साखर द्यायला आणि फोन करायला डॉक्टर व्हावे लागत नाही. सुईसाठी आशाताई किंवा आरोग्य केंद्रातील नर्स यांच्याशी बोला. सुयांच्या वेळा बदलता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने मात्रा बदलू नका. मूल मोठे झाले की मोठ्यांच्या नजरेखाली स्वतः टोचायला शिकते.

हे सारे मागताना आपण उपकार मागत नाही. केंद्रीय शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा मुलांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना लिहिले की, अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, गरजेला खाऊ द्यावे. मुख्याध्यापक का-कू करू लागले तर हे सांगा, शांतपणे सांगा, आणि अर्ज लेखी द्या.

त्या ताईला आम्ही यंदा पुन्हा भेटलो. ती आणि आशाताई मिळून शाळेत गेल्या होत्या. आता कपाटात पुड्या आहेत, भिंतीवर कागद आहे. वर्गातल्या मुलांना गुरुजींनीच सांगितले की हा रोग लागत नाही. दुपारची ताईची पायपीट अजून संपलेली नाही. आठवड्यातून दोन दिवस नर्सबाई टोचतात, तेवढी मजुरी वाचते. पण मुलगी तिसरीत गेली आहे. साखर उतरली की ती भर वर्गात हात वर करून म्हणते, "बाई, मला साखर पाहिजे."

भगिनींनो, तुमच्या वस्तीत असे लेकरू असेल तर त्याच्या आईला एकटी सोडू नका. एखाद्या दुपारी तिच्याबरोबर शाळेपर्यंत जा. जयभीम!