वाकडे पाऊल

पाय घसरला, पाऊल वाकडे पडले, एवढे नुसते म्हटले तरी आपल्याकडे ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. भाषेने पायाला इतके बदनाम केले आहे की, बिचाऱ्याला आपले साधे दुखणेही उजळ माथ्याने सांगता येत नाही. ‘हल्ली माझे पाऊल वारंवार वाकडे पडते,’ असे मी एकदा आमच्या स्टाफरूममध्ये म्हणाले, तर संस्कृतच्या सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि अर्थशास्त्राच्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली. ‘घोट्यात हो, घोट्यात!’ असा खुलासा मला करावा लागला. त्यासरशी वर्तमानपत्र पुन्हा वर गेले. घोट्यात कुणाला रस असणार?

वाचकहो, आज मी त्या उपेक्षित घोट्याविषयीच लिहिणार आहे. कारण त्याच्यापायी आमच्या घरात चक्क परदेशवारीचा बेत शिजला होता.

आम्ही वाणगावचे. बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधले हे स्टेशन, मिरचीसाठी प्रसिद्ध. आमचीही लहानशी वाडी आहे. सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात वाडीच्या बांधावरून चालताना माझा उजवा पाय आत वळला. घोटा सुजला. आंबेहळदीचे लेप झाले, डॉक्टर झाले, पट्टी झाली, महिन्याभरात सूजही उतरली. पण घोट्याचे वागणे बदलले ते बदललेच. कधी पायरीवर, कधी फलाटावर, तर कधी वर्गातल्या सपाट फरशीवर तो अचानक दगा देई. दुखणे त्या त्या वेळेपुरते असे. भीती मात्र चोवीस तासांची होती. आई माझ्याकडेच असते. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. रोज संध्याकाळी माझा हात धरून ती देवळापर्यंत जाते. धरणारीच कोलमडली तर धरलेलीचे काय, या विचाराने मला रात्री झोप येईना.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात असतो. त्याला हे कळले तेव्हा तो फोनवर म्हणाला, ‘‘ताई, तू सरळ इकडे निघून ये. सचिनसुद्धा २००५ साली कोपराच्या ऑपरेशनला लंडनलाच आला होता. तुझ्या घोट्याचं ते काय!’’

सचिनचे नाव निघाल्यावर घरात दुसरे मत उरले नाही. आईने चकलीची भाजणी किती न्यावी याचा हिशेब सुरू केला. आमचे ‘हे’ मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसले.

रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. म्हणजे कायद्याची अडचण नव्हती. अडचण डॉलरचीच होती. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयात बाहेरून आलेल्या पाहुण्याकडून अशा ठरवून केलेल्या उपचाराचे पैसे आधी घेतात, तेही दीडपट दराने. खाजगी उपचारासाठी जायचे तर व्हिसाच्या अर्जाला डॉक्टरांचे पत्र जोडावे लागते : रोग कोणता, दिवस किती, खर्च किती. प्रवासाचा विमा असल्या जुन्या, ठाऊक असलेल्या दुखण्याला सहसा चालत नाही. शस्त्रक्रिया तास-दीड तासाची. पण नंतर काही आठवडे पाय प्लास्टरमध्ये नाही तर खास बुटात, आणि मग दोन-तीन महिने व्यायाम. शिवाय पायाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच लांबचा विमानप्रवास करू नये, पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

‘‘म्हणजे काम दीड तासाचं आणि मुक्काम तीन महिन्यांचा,’’ पेन्सिल खाली ठेवीत हे म्हणाले. ‘‘तोवर आईंना देवळात कोण नेणार?’’

पैशांचे बोलणे चालले होते तोवर मी वाद घालीत होते. या प्रश्नावर गप्प बसले.

मग मुंबईच्या एका अस्थितज्ज्ञांकडे गेले. त्यांनी घोटा हातात धरून वळवून पाहिला, फोटो काढवले आणि कागदावर चित्र काढून समजावले. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध असतात; लिगामेंट म्हणतात ते हेच. त्यांतला पुढचा सर्वांत नाजूक. पाय आत वळला की पहिला ताण त्याच्यावर येतो. पुष्कळांचा मुरगळलेला घोटा पूर्ण बरा होतो. काहींचा सैल राहतो. त्या बंधांना पुन्हा जागेवर शिवण्याची जी रीत आज जगभर वापरतात, ती लार्स ब्रोस्ट्रॉम या स्वीडिश शल्यविशारदाने १९६६ साली मांडली. १९८० मध्ये गुल्ड यांनी तीत भर घातली. ‘‘लंडनला हीच करतात आणि मुंबईतही हीच करतात,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पण तुम्हांला ती लागेल की नाही, हे आधी ठरू द्या.’’

पुढे त्यांनी जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटले. १९६५ साली लंडनच्या मायकेल फ्रीमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, हे बंध म्हणजे नुसत्या दोऱ्या नव्हेत. पाऊल किती कलले याची वर्दी त्यांच्यातून मेंदूला जात असते. बंध दुखावले की ही वर्दी चुकते, आणि स्नायू पाय सावरायला वेळेवर धावून येत नाहीत. म्हणजे घोटा सैल तर होतोच, शिवाय आंधळाही होतो. सैलपणा शिवता येतो. आंधळेपणावर तोल सांभाळण्याच्या सरावावाचून उपाय नाही. म्हणून आधी तीन महिने नेमाने व्यायाम. पुष्कळांचे तेवढ्यावर भागते. न भागले तर शस्त्रक्रिया, आणि तिच्यानंतर पुन्हा व्यायाम आहेच!

ही विद्या आपल्याकडे आली बाहेरूनच, पण तिला आता सत्तर वर्षे होऊन गेली. पोलिओच्या साथीनंतर १९५०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचे देशातले पहिले विद्यालय निघाले. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आज त्याच विद्येची पदवी घेतलेली एक मुलगी बोईसरला, म्हणजे आमच्यापासून एका स्टेशनावर, दवाखाना घालून बसली आहे. मी पालघरच्या कॉलेजातून परतताना तिच्याकडे उतरू लागले.

तिने मला पहिल्याच दिवशी एका पायावर उभे केले. मी सात सेकंद टिकले. मग डोळे मिटून, मग उशीवर, मग टाचा उचलून, मग पावलाला रबरी पट्टा लावून. ‘‘मॅडम, लहानपणी लंगडी खेळला असाल ना? तिथपर्यंत जायचंय आपल्याला.’’ लंगडी, ठिकरी, झिम्मा, फुगडी यांनी ज्या पिढ्यांचे पाय घडले, त्यांतली मी शेवटचीच म्हणायची. मराठीची प्राध्यापिका चाळिशी उलटल्यावर ओटीवर एका पायावर उभी आहे आणि आई पाटावर बसून मोठ्याने आकडे मोजते आहे, हे दृश्य शेजाऱ्यांनी बारा आठवडे फुकट पाहिले.

भावाला मी सचिनचे उत्तर क्रिकेटनेच दिले. आमच्याच रेल्वेमार्गावरचा विरारचा पृथ्वी शॉ २०१८च्या नोव्हेंबरात सिडनीला सीमारेषेवर झेल घ्यायला गेला आणि त्याच्या घोट्याचे लिगामेंट दुखावले. तो परदेशात जायबंदी झाला आणि सावरला बंगळूरच्या क्रिकेट अकादमीत. पुण्याजवळच्या गहुंज्याला १९ ऑक्टोबर २०२३ रोजी हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला. विश्वचषक हुकला, पण त्याचीही वाट बंगळूरचीच होती. अर्थात लंडनला गेलेल्यांची यादी भावाकडेही मोठी आहे. परंतु खेळाडूबरोबर त्याचा व्यायाम घेणारा माणूस जातो. माझ्याबरोबर चकलीची भाजणी जाणार होती.

आज मी एका पायावर मिनिटभर उभी राहते. गेल्या आठ महिन्यांत घोटा तीनदा डगमगला; कोसळला एकदाही नाही. बांधावर जाताना पट्टा बांधते. पुढेमागे शस्त्रक्रिया करावी लागली, तर करीन. पण जिथे नंतरचे तीन महिने काढायचे आहेत, तिथेच करीन.

परदेशी कुणी जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. इथे न होणारा उपचार असेल, तर जरूर जावे. पण घोट्यासारख्या दुखण्यासाठी तिकीट काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. निदान नेमके झाले आहे काय? व्यायाम मन लावून, पुरे तीन महिने केला आहे काय? आणि परत आल्यावर सूज आली, टाका पिकला, तर इथला कोणता डॉक्टर ते आपले समजून पाहील? तिसऱ्याचे उत्तर मिळाल्यावाचून बॅग भरू नये.

भाऊ या दिवाळीला येतो आहे. त्याचा गुडघा हल्ली कुरकुरतो, आणि तिकडे तपासणीची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली आहे. मी बोईसरच्या मुलीकडे त्याचे नाव घालून ठेवले आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी साडेनऊची वेळ मिळाली.