मुंबईचा कबड्डी-संघ व आपण

भाताची कापणी व झोडणी उरकली कीं, शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील रिकाम्या शेतांत संध्याकाळीं एकच घोष ऐकूं येतो. ढेकळें फोडून, पाणी शिंपून व चुन्याच्या रेषा ओढून मुलें मैदान तयार करितात, आणि अंधार पडेपर्यंत त्यांची कबड्डी चालते. आमच्या वडील मंडळींस हाच खेळ हुतुतू या नांवानें ठाऊक होता. या मुलांस, "बाबांनो, तुमचा संघ कोणता?" असें विचारलें तर तीं आधीं गांवच्या मंडळाचें नांव सांगतात, आणि मागोमाग दुसरें नांव येतें तें यू मुंबाचें. प्रो कबड्डीचा नवा हंगाम जवळ आला म्हणजे वर्गांत, एस. टी.च्या थांब्यावर आणि आसनगांवच्या फलाटावर याच संघाची चर्चा सुरू होते. "यंदा तरी आपण जिंकूं काय?" हा प्रश्न आम्हांसही सुटलेला नाहीं, कारण आम्हीही या संघाचे जुने चाहते आहों. म्हणूनच हंगामाच्या उंबरठ्यावर चार शब्द लिहिण्याची परवानगी आम्ही वाचकांकडे मागतों.

ही स्पर्धा २०१४ सालीं सुरू झाली. पहिल्याच वर्षीं आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला व तेथें जयपूरकडून हरला. २०१५ सालीं मुंबईच्याच मैदानावर त्यानें बंगळूरच्या संघास ३६ विरुद्ध ३० अशा गुणांनीं जिंकून विजेतेपद मिळविलें. २०१६ च्या आरंभीं पुन्हां अंतिम सामना, आणि पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनीं पराभव! येणेंप्रमाणें पहिल्या तीन हंगामांत तीन अंतिम सामने खेळलेल्या या संघास पुढें २०२५ पर्यंत एकदांही अंतिम फेरी पाहावयास मिळाली नाहीं. इकडे घाटावरचा पुण्याचा संघ, जो पहिल्या दोन वर्षीं तळाशीं होता, तो २०२४ च्या मार्च महिन्यांत हरियाणास २८ विरुद्ध २५ असें नमवून विजेता झाला, आणि २०२५ सालीं दिल्लीकडून केवळ तीन गुणांनीं हरून उपविजेता राहिला. आपल्या चाहत्यांस ही गोष्ट बोचते, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु बोचणाऱ्या गोष्टीपासून कांहीं शिकावें, यांतच शहाणपण आहे.

हंगामापूर्वीं खेळाडूंचा लिलाव होतो, आणि त्या दिवशीं आमचे मित्र संघाची पारख रुपयांच्या आंकड्यांवरून करूं लागतात. ही पारख अपुरी आहे. २०२३ सालीं तेलुगु टायटन्स संघानें पवन सेहरावत या नामांकित चढाईपटूसाठीं दोन कोटी साठ लाखांहून अधिक रक्कम मोजली. तथापि त्या हंगामांतील २२ सामन्यांपैकीं त्या संघास दोनच जिंकतां आले. त्याच वर्षीं पुण्यानेंही महंमदरेजा शादलुई या इराणी खेळाडूसाठीं दोन कोटी पस्तीस लाख मोजले आणि तो संघ विजेता झाला. मग भेद कोठें होता? आमच्या मतें भेद असा कीं, पुण्याच्या त्या एका महाग खेळाडूभोंवतीं एकमेकांच्या संवयी जाणणारे तरुण उभे होते, व त्यांचा नायक अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्याच्या मातींतूनच वर आलेला होता. पवनसारखा चढाईपटू चार गुण आणील; परंतु तो बाद होऊन बाहेर बसला म्हणजे उरलेल्या सहांनीं काय करावयाचें? पकड एकट्याची नसते. एकानें घोटा धरावा, दुसऱ्यानें कंबर धरावी, तिसऱ्यानें निदान रेषेकडची वाट अडवावी, आणि हें सर्व एका क्षणांत व्हावें. अशी पकड विकत मिळत नाहीं. ती सरावानें येते. म्हणून यंदा आपल्या संघाकडे पाहतांना किती रुपये खर्चिले हें न पाहतां, कोपऱ्यावरचे दोन पकडपटू एकमेकांस किती ओळखतात, हें पाहावें.

कोणी म्हणेल, "या संघांत आपलीं माणसें किती? कोणी हरियाणाचा, कोणी इराणचा. मग हा संघ आपला कसा?" हा आक्षेप आम्ही पुष्कळदां ऐकला आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या अनुप कुमारनें २०१५ सालीं आपणांस विजेतेपद मिळवून दिलें, तो हरियाणाचाच होता. संघ मागें पडला असतां त्याचा चेहरा बदलत नसे, आणि प्रतिस्पर्ध्यांशीं हुज्जत घालण्यापेक्षां बोनस रेषेपलीकडे पाय टाकून एक गुण आणणें त्यास अधिक आवडे. आमच्या गांवच्या मुलांनीं त्याची ती शांत वृत्ति उचलली, तेव्हांच तो आमचा झाला. तसेंच आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ सालीं मुंबईकडून चमकला आणि पुढल्याच वर्षीं एक कोटी पंचेचाळीस लाखांस तेलुगु संघाकडे गेला. तो परका झाला काय? मुळींच नाहीं. जन्मगांवापेक्षां आचरणानें व मेहनतीनें आपलेपणा जडतो, असें आम्हांस वाटतें.

तरीपण एक मागणें मागण्याचा आमचा हक्क आहे. भातसा व तानसा हीं धरणें शहापूर तालुक्यांतलीं. मुंबईची तहान या पाण्यानें भागते, आणि चैत्र-वैशाखांत आमच्याच कित्येक पाड्यांच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. मुंबईच्या संघासाठीं टाळ्याही आम्ही वाजवितों. तेव्हां त्या संघाच्या चालकांनीं कधीं तरी मुरबाडच्या किंवा शहापूरच्या मैदानावर येऊन निवडीच्या चांचण्या घेतल्या, आमच्या ठाकूर व कातकरी मुलांचे चपळ पाय पाहिले, तर तें उपकार करणें होणार नाहीं. तो न्याय होईल.

आतां विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. आमच्या ओळखीचा एक मुलगा उत्तम चढाया करीत असे. बक्षिसाच्या रकमेसाठीं तो दर आठवड्यास निरनिराळ्या मंडळांकडून खेळूं लागला. शाळा बुडाली, दहावीची परीक्षा राहिली, आणि एका रात्रीं प्रकाशझोतांतल्या सामन्यांत गुडघा दुखावला. ज्या मंडळांनीं त्याला हौसेनें नेलें होतें, त्यांपैकीं कोणीही नंतर त्याच्या घरचा उंबरा चढलें नाहीं. आज तो हिशेबाचें काम शोधतो आहे, आणि हिशेब त्यास येत नाहीं. त्या रात्रीं मैदानाभोंवतीं टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतों, ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं.

मुलांनो, २०१७ पासून या स्पर्धेंत बारा संघ खेळत आले आहेत. एका संघांत वीस-पंचवीस खेळाडू धरले तरी साऱ्या भरतखंडांतून व परदेशांतून मिळून अडीचशें-तीनशेंच माणसांस तेथें जागा मिळते. ज्यांस मिळते त्यांचाही भरंवसा नाहीं. अस्लम इनामदारसारख्या विजेत्या नायकासही पुढल्याच हंगामांत दुखापतीमुळें बाहेर बसावें लागलें, आणि त्याचा संघ बाद फेरीपर्यंतही गेला नाहीं. म्हणून स्वप्न अवश्य पाहा. पण एक हात पुस्तकावर ठेवून पाहा. चांगला चढाईपटू अनोळखी अंगणांत शिरतो खरा, पण मध्यरेषेकडे परतण्याची वाट त्याच्या मनांत पक्की असते. तुमचें शिक्षण ही तुमची मध्यरेषा होय.

पालकजनांस आमची विनंति उलट दिशेची आहे. या धोक्याच्या गोष्टी ऐकून मुलांचा खेळच बंद करूं नये. ज्यास ना चेंडू लागतो, ना फळी लागते, असा हा गरिबांचा खेळ आहे. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं तो बर्लिन येथें जगास दाखविला; १९९० सालीं आशियाई क्रीडास्पर्धेंत त्यास स्थान मिळालें. तेथें आपले पुरुष लागोपाठ सात वेळां सुवर्णपदक जिंकले, २०१८ सालीं इराणकडून हरले, आणि २०२३ सालीं तें पदक त्यांनीं पुन्हां आणलें. हरल्यावर उठून परत येणें हा धडा मुलांस कोणत्या पुस्तकांत इतका स्वच्छ मिळेल?

आणि मुलींचें काय? २०१२ सालच्या पहिल्या महिला विश्वचषकांत भारत विजयी झाला, त्या संघांत अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के व दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या कन्या होत्या. २०२५ सालीं ढाका येथें आपल्या महिलांनीं तो चषक पुन्हां जिंकला. असें असूनही पुरुषांच्या स्पर्धेच्या तोडीची व्यावसायिक स्पर्धा त्यांच्यासाठीं उभी राहिली नाहीं. २०१६ सालीं तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली. आमच्या शाळेंतील मुली संध्याकाळीं सरावास थांबूं इच्छितात, तेव्हां "घरीं लौकर ये, पाणी भरावयाचें आहे" असें त्यांस सांगण्यांत येतें. भावास असें कोणी सांगत नाहीं. मुंबईच्या संघाकडे न्याय मागणाऱ्या आम्हीं आपल्या घरांतही तो करावा, हें उघड आहे.

आतां पुन्हां मूळ प्रश्नाकडे. यंदा आपण जिंकूं काय? आमच्यानें भविष्य सांगवत नाहीं. एवढें मात्र जाणतों कीं, २०१५ पासून वाट पाहण्याची आम्हांस संवय झाली आहे, आणि वाट पाहूनही प्रेम आटलेलें नाहीं. पहिल्या सामन्याच्या रात्रीं आम्ही शेजाऱ्याकडे दूरदर्शनसंचापुढें दाटीवाटीनें बसूं, आपल्या संघाचा जयजयकार करूं, आणि प्रतिस्पर्ध्यानें सुरेख पकड केली तर तिलाही दाद देऊं. मग दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलांनीं व मुलींनीं वेळेवर शाळेंत यावें, आणि संध्याकाळीं दोघांसही मैदान मोकळें असावें. एवढें झालें तर मुंबईचा संघ जिंको वा हरो, हा हंगाम आपणांस लाभाचाच जाईल.